खळ दिलेली म्होरकी

नागपूरच्या पशुप्रदर्शनात बाबनराव पौनीकरांच्या गाईला गवळाऊ जातीच्या गटात पहिला नंबर मिळाला. ढाल मिळाली, शाल मिळाली, प्रमुख पाहुण्यांसोबत फोटोही निघाला. पण हे काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण बाबनराव स्वतः तसंच धरून चालले आहेत. ढाल त्यांनी सरकीच्या ढेपेच्या पोत्यामागे उभी केली आहे आणि कोणी विचारलं तर, "आम्ही गेलोच नोतो," असं ते शांतपणे सांगतात. फोटोत ते स्पष्ट दिसतात. तो दाखवला तर म्हणतात, "असंल कोणी माह्यासारखा." तेव्हा नंबर मिळाला नाही. गाय मात्र आहे. तिच्यापासून सुरुवात करू.

गाय दुधासारखी पांढरी आणि तिचं नाव मिरची. त्याचं असं झालं, की बाबनरावांची बायको तुळजाबाई वर्षाच्या मिरच्या आणायला भिवापूरच्या बाजारात गेली आणि आई मेलेलं एक वासरू घेऊन आली.

"मिरच्या कुठी हायेत?" बाबनरावांनी विचारलं.

"हे काय," म्हणून तुळजाबाईने वासरू पुढे केलं.

त्या वर्षी घरातल्या भाज्या फिक्या झाल्या, पण नाव पक्कं झालं. तुळजाबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं आणि कधी बांधलं म्हणून नाही. "पोरीले कोणी दाव्याले बांधते का?" असं ती म्हणे. त्यावर नागपूरला मानेवाड्यात दिलेली त्यांची खरी पोरगी, वंदना, "मले तं पाळण्याले बांधून बाजारात जात होती तू," अशी आठवण करून देई. पण तिच्या आठवणींना घरात फारशी किंमत नव्हती. मिरची उमरेडजवळच्या त्या गावभर मोकळी हिंडायची. संध्याकाळी तुळजाबाई मागच्या दारात उभी राहून "ये वं मिरचे, ये वं" अशी हाक द्यायची आणि मिरची कुठल्याही वावरातून, कुणाच्याही कुंपणातून, बहुतेक वेळा कुंपण सोबत घेऊनच, धावत यायची.

मागच्या उन्हाळ्यात तुळजाबाई गेली. नागपूरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या ती वंदनाच्या मोबाईलवर कुठल्याशा पशुप्रदर्शनाचा व्हिडिओ बघत होती. गाई रिंगणातून चालत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते.

"याइच्यापेक्षा आपली मिरची चांगली हाय," ती बाबनरावांना म्हणाली. "एकडाव तिले चार लोकाइत फिरवून आणाजा."

हे तिचं शेवटचं मोठं वाक्य. त्यानंतरची वाक्यं "पाणी" आणि "पंखा" एवढीच होती.

पुढे रोज सकाळी मिरची मागच्या दाराशी येऊन हंबरायला लागली. बाबनराव दार उघडायचे. ती त्यांच्याकडे बघायची, मग त्यांच्या बाजूने मान वाकवून आत चुलीकडे बघायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाबनरावांना त्यात अपमान वाटला नाही. घरात तुळजाबाईची वाट बघणारे दोघे होते, त्यातली एक मोठ्याने बघत होती, एवढंच.

हिवाळ्यात वंदनाचा फोन आला. "बाबा, नागपूरले प्रदर्शन हाय. मी मिरचीचं नाव टाकून देलं. आईनं म्हटलं होतं ना."

"बरं केलं."

"पण तिच्या तोंडाले म्होरकी पायजे म्हंतात. दोर धरून चालवा लागते. मोकळी गाय रिंगणात येऊ देत नाई."

जिच्या गळ्यात कधी काळा दोरा बांधला नव्हता तिच्या तोंडाभोवती दोर आवळायचा होता, आणि ज्या बाईने तो कधी बांधू दिला नव्हता तिच्याच इच्छेसाठी. यावर विचार करायला बाबनराव लहानूकडे गेले. लहानू शेजारी होता आणि गावात जनावरांमधला जाणकार समजला जाई. त्याच्याकडे स्वतःचं एकही जनावर नव्हतं, त्यामुळे त्याचं ज्ञान निःपक्षपाती होतं.

"सोपं काम हाय काका," लहानू म्हणाला. "बाजारातून नायलॉनची म्होरकी आना, घाला, झालं."

"नायलॉन?" बाबनराव दुखावले. ते जातीचे विणकर. माग बंद पडून वर्षं झाली होती आणि आता ते पिठाची गिरणी चालवत होते; पण तुळजाबाईच्या मिरचीच्या तोंडाला नायलॉन लागावं इतके वाईट दिवस अजून आले नव्हते. त्यांनी माळ्यावरून जुनं सूत काढलं आणि म्होरकी स्वतः विणली. नुसती विणली नाही, तिला लाल-काळा काठ दिला. आणि विणकराच्या हाताला जी सवय असते त्याप्रमाणे सुताला आधी तांदळाची खळ दिली. खळ दिल्याशिवाय सुताला ताठपणा येत नाही, हे त्यांच्या घरात लहान मुलालाही माहीत होतं.

हे मिरचीला माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की बाबनरावांनी भाताच्या पेजेत भिजवून वाळवलेलं काहीतरी आपल्या तोंडाजवळ आणलं आहे. तिने ते खाल्लं.

"काठासकट खाल्लं गा!" बाबनराव म्हणाले.

"कायले खळ देली तुम्ही?"

"मंग काय बिनखळीचं घालू? लोक काय म्हंतीन?"

"लोक नाई खात म्होरकी, काका."

दुसरी म्होरकी विणली. बाबनरावांनी तिलाही खळ दिली, कारण हात ऐकत नव्हता. पण या वेळी वरून कडुनिंबाचा रस चोळला. मिरचीने हुंगलं, बाबनरावांकडे फसवणूक झालेल्या माणसासारखं बघितलं आणि नंतर ते दिसले की ती रस्ता बदलायला लागली. गिरणीवर दळण आणणाऱ्या बायका विचारू लागल्या, "गाय काहून कट्टी हाय जी तुमच्याशी?"

मग लहानूने शास्त्रीय उपाय सांगितला. "तिले वाटून राहिलं का हे फक्त तिच्यासाठीच हाय. म्हणून भेव लागते. तुम्ही घाला आधी. तिच्यासमोर फिरा. तिले वाटलं पायजे का घरातले सगळेच घालतात."

"घरातले सगळे म्हंजे मीच आहो, लहानू."

"मंग तं एकाच म्होरकीत काम होते."

बाबनरावांनी धुऊन घेतलेली म्होरकी स्वतःच्या तोंडाला बांधली. पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली. नंतर सवय झाली. थंडीत कानही झाकले जात होते. एकदा तशीच घालून ते उमरेडला जाणाऱ्या एसटीत बसले. कंडक्टरने तिकीट दिलं, निरखून बघितलं आणि कुठल्यातरी देवाचा नवस असावा असं समजून पाया पडला. वंदनाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती किंचाळलीच.

"बाबा! तोंडाले काय बांधलं तुम्ही?"

"मिरचीले शिकवून राहिलो."

"जेवता ना तुम्ही टाइमावर?"

"हाव. जेवतानी काढतो."

"तुम्ही इकडे या बाबा राह्याले. एकटे राहून डोक्यावर परिणाम झाला तुमच्या."

"एकटा कुठी आहो? मिरची हाय ना."

मिरची खरोखरच हळूहळू जवळ यायला लागली होती. एके सकाळी, बाबनराव म्होरकी घालून अंगणात झाडत असताना, तिने त्यांच्या म्होरकीचा लोंबणारा दोर दातात धरला आणि त्यांना ओढत मागच्या दाराशी नेऊन उभं केलं. मग ती दाराकडे तोंड करून हंबरली आणि त्यांच्याकडे बघायला लागली.

कुंपणावरून लहानू हे बघत होता. "काका," तो गंभीरपणे म्हणाला, "तिनं तुमाले बराबर तयार केलं."

बाबनराव दारासमोर उभे राहिले. आतून कोणी येणार नव्हतं. गाईला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो तोंडाला दोर बांधून तिच्या शेजारी उभा होता. ते पायरीवर बसले. "नाई येत वं आता ते," ते म्हणाले, "कितीही आवाज दे." हे त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही ते फक्त जेवायचाच आग्रह करत होते. मिरचीने त्यांच्या मांडीवर तोंड ठेवलं. बाबनरावांनी स्वतःची म्होरकी सोडली आणि डोळे पुसता पुसता तिच्या तोंडाला बांधली. ती हलली नाही.

"जमलं!" लहानू कुंपणावरून ओरडला. या क्षणी तो थोडा वेळ गप्प राहिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. दोर ओढला की चालायचं, ढिला सोडला की थांबायचं, थांबलं की गुळाचा खडा. सवय मोडू नये म्हणून मिरची आता रात्रंदिवस खुंट्याला बांधलेली असायची. उजाडायच्या आधीच बाबनराव तिच्यापाशी जाऊन सराव सुरू करायचे. मागचं दार कधी उघडलं, कधी नाही, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. गाय मन लावून शिकत होती. जरा जास्तच.

प्रदर्शनाच्या दिवशी 'छोटा हत्ती' टेम्पोत उभी राहून ती नागपूरला आली. मेट्रोच्या खांबांखालून जाताना दुसऱ्या गाड्यांतली जनावरं उधळली. मिरची एखाद्या शिक्षिकेसारखी समोर बघत राहिली. रिंगणात ती अशी चालली की लोकांचे मोबाईल वर झाले. वंदना टाळ्या वाजवता वाजवता रडत होती. बाबनरावांनी वर बघून मनातल्या मनात म्हटलं, "पाह्यलं का? चार लोकाइत फिरवली."

मग फोटो सुरू झाले. कोणीतरी म्हणालं, "काका, जरा दोर देता का?" बाबनरावांनी दिला. त्याने फोटो काढून दोर पुढच्याला दिला. दोर हातोहात रिंगणाच्या त्या टोकाला गेला आणि दोरामागे मिरची गेली, अगदी शहाण्यासारखी. शेवटी दोर प्रमुख पाहुण्यांच्या हातात आला. तेवढ्यात त्यांना कोणीतरी मंचावर बोलावलं. पाहुणे चढले. त्यांच्यामागून, तीनही पायऱ्यांवर नीट खूर ठेवत, मिरचीही चढली आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहिली. निवेदकाने सवयीने तिचंही स्वागत केलं.

"उतरवा तिले! मंच मोडंल!" आयोजक ओरडू लागले.

गर्दीतून बाबनरावांना पुढे सरकता येईना. त्यांना एकच उपाय सुचला. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि तुळजाबाईची हाक दिली. "ये वं मिरचे, ये वं!"

त्या आवाजाला मिरची एकेकाळी कुंपणं घेऊन धावायची. आता तिचा कानही हलला नाही. दोर पाहुण्यांच्या हातात होता. दोर ढिला होता. म्हणून ती उभी होती. बाबनरावांनी पुन्हा हाक दिली. ती गुळाच्या अपेक्षेने पाहुण्यांच्या खिशाकडे बघत राहिली.

"वाह!" परीक्षक माईकवर म्हणाले. "मालकानं हाक मारली तरी दोर सोडून हलली नाही! हिला म्हणतात वळण!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ढाल देताना त्यांनी बाबनरावांना विचारलं, "तयार कशी केली हो हिला? सांगा सगळ्यांना."

"बिघडवली जी," बाबनराव म्हणाले. लोक खूप हसले.

घरी आल्या आल्या त्यांनी म्होरकी काढून टाकली, खुंटाही उपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या दाराच्या आत उभे राहिले, कडीवर हात ठेवून. बराच वेळ. ऊन पायरीवर आलं, हंबरणं आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच दार उघडलं. खुंट्याचा खड्डा होता तिथे मिरची उभी होती, कोणीतरी ओढील म्हणून वाट बघत.

"ये वं," ते म्हणाले.

ती आली नाही.

दुपारी त्यांनी लहानूला कागद-पेन घेऊन बोलावलं. "सरकारी भाषेत लिही."

"कोनाले?"

"ज्यानं नंबर देला त्याले."

"अन् लिहू काय?"

बाबनरावांनी सांगितलं. लहानूने पहिल्यांदाच काही सल्ला न देता लिहून घेतलं. अर्ज दुसऱ्या दिवशी पोस्टाने गेला. तो असा:

"प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी साहेब. विषय : गाय पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, सदर गाय ही प्रशिक्षणापूर्वी कोणाचेही ऐकत नसे व अर्जदाराच्या मयत पत्नीची दररोज सकाळी मागील दारी वाट पाहत असे. सध्या सदर वाट पाहणे पूर्णपणे बंद पडले आहे. अर्जदाराचे वय लक्षात घेता हे काम त्यास एकट्याने झेपणारे नाही. तरी सदर गाईस लागलेले वळण आपल्या कार्यालयामार्फत काढून घेऊन, तीस पूर्वीप्रमाणे हट्टी करून मिळावे, ही नम्र विनंती."