विहिरीस हळद लागली त्याची हकिकत

श्री जलदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, तृषाक्रांत नाम संवत्सर, वैशाख वद्य पंचमी, ते समयी कोण्या एका राज्यात कोण्या एका गावी जे जाहले ते यथामति लिहिले असे. खोटे एक अक्षर नाही, तिखटमीठ मात्र आहे.

गावचे जलरक्षक भिवाजी टेंभरे. काम इतुकेच की नित्य सकाळी विहिरीत जंतुनाशक पावडर मापाने घालावी. परंतु पाटील हैबतराव यांस चहात पावडरीचा वास आला आणि त्यांनी फर्माविले की, "भिवाजी, पावडरीस हात लावशील तर गाठ माझ्याशी!" मग पावडर कोठीत कुलूपबंद जाहली आणि गावची पोटे बिघडली आणि भिवाजींची धाकटी लेक कौतिका तीन दिवस अंथरुणास खिळली. बापाचे काळीज तुटले. हात जोडले, पाय धरले, तो पाटील म्हणाले, "ऊन बाधले असेल, रे."

इतक्यात वर्दी आली की पाणी तपासावयास सरकारातून सगुणाबाईसाहेब येताहेत. पाण्यात औषधाचा थेंब टाकावा, पिवळे जाहले तर पावडर आहे, न जाहले तर पाटलांची धडगत नाही. भिवाजी म्हणाले, "सरकार, आता तरी किल्ली द्या." पाटील हसले आणि म्हणाले, "पिवळेच पाहिजे ना? हात्तिच्या!" आणि घरोघरची हळद मागवून पाच शेर विहिरीत रिकामी केली. मग बाईसाहेब आल्या आणि पोहरा वर आला, तो पाणी पिवळेधमक, आणि थेंब अजून कुपीतच.

"हे काय, पाटील?"

"बाईसाहेब, आमचे पाणी इतके शुद्ध, की थेंबाची वाट पाहात नाही."

"शाबास! मग प्या पाहू तांब्याभर."

सारा गाव पाहात होता. पाटलांनी मिशीस पीळ भरला आणि तांब्या रिता केला.

दुसरे दिवशी पहाटेपासून पाटलांच्या स्वाऱ्या माळाकडे निघाल्या. हाती टमरेल, पुढे भालदार नाही, मागे चोपदार नाही. अकरावे स्वारीस बाभळीआडून किल्ली भिरभिरत आली आणि मागोमाग आरोळी आली, "भिवाजी, अरे ओत बाबा! सगळी ओत!" भिवाजींनी सगळी ओतली नाही, मापानेच ओतली. आठवड्यात कौतिका अंगणात बागडू लागली आणि भिवाजी विहिरीच्या काठी बसून मनसोक्त रडले.

येणेप्रमाणे पाणी शुद्ध जाहले, पाटील निम्मे जाहले. अलीकडे चहास पावडरीचा वास नसला तर पाटील कप परत धाडतात आणि घाबरून पुसतात, "का हो, भिवाजी आजारी आहेत काय?"