गाडीला जुलाब

आमच्या शेजारचे सुखदेवकाका गाडीला जुलाब देतात. खोटं नाही सांगत. अमरावतीत बाकीचे लोक अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात. काका त्या दिवशी पेट्रोलच्या टाकीत कचरा साफ करायच्या औषधाची बाटली ओततात. मग सायलेन्सरशी नाक नेऊन वास घेतात.

"पोट साफ झालं पोरीचं," म्हणतात. पोरगी म्हणजे गाडी.

नांदगाव पेठेकडे त्यांचा झेंडूचा मळा आहे, आणि ही जुनी गाडी रोज फुलं भरून बाजारात जाते. काकू गेल्या, मुलगी पुण्याला नोकरीत. उरला त्यांचा सगळा जीव गल्लीतल्या गाड्यांवर. कोणाची गाडी सकाळी खोकली की हे कुंपणावरून हजर. "पयले पोट पाहा!" एकदा आमच्या गाडीचा हॉर्न वाजेना, तेव्हाही यांनी बाटलीच काढली होती. धन्य माणूस!

यंदा माझ्या मुलीची, सईची, प्रवेशपरीक्षा आली ती अकोल्याला. वर्षभर पोरीनं पुस्तकातून मान वर काढली नव्हती. नवरा दौऱ्यावर, म्हणजे गाडी मलाच न्यायची, आणि नेमकी तेव्हाच ती झटके देऊन राहिली होती. मेकॅनिक म्हणाला, "ताई, टाकीतला पेट्रोलचा पंप पाहावा लागते, ठेवून जा." ठेवते कुठली! माझ्या शाळेत परीक्षा चालू, गाडीशिवाय पाय हलेना. काकांनी हे ऐकलं आणि बाटली घेऊनच आले.

"कायले खोलता गाडी? कचरा अडकला अशीन. एक डोस द्या, आन् पळवा हायवेवर. जुलाब देऊन घरी बसवाची नसते तिले."

आणि खरंच, गाडी झकास चालायला लागली. काका गल्लीभर मिरवले. मीही भुलले.

परीक्षेच्या सकाळी मूर्तिजापूरच्या पुढे गाडीनं आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला जी बसली ती बसलीच. केंद्राचं फाटक एकदा बंद झालं की कोणासाठी उघडत नाही. सई रडली असती तर बरं झालं असतं, ती नुसती माझ्याकडे पाहत होती. काकांना मी मनातल्या मनात जे म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.

तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. झेंडूचा वास आला.

"बसा बसा, पाहून काय राहिल्या? बॅग आना पोरीची!"

"काका! तुम्ही इकडं कसे?"

"मांगंच होतो मी. बडनेऱ्यापासून."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, आता काळजी नाही?"

काका समोर बघत गाडी हाणत होते. "औषधानं कचरा निंघते, ताई. पंपच मेला अशीन त बाटली काय करन? बरी चालली म्हनून मी बी फुगलो. पन मंग वाटलं, पोरीच्या पेपरावर आपली हुशारी कायले? आलो मांगंमांगं."

फाटक बंद व्हायच्या आत सई पोचली. मी काकांचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही नसता तर..." एवढंच बोलले आणि मला रडू फुटलं. कोणापुढं रडणारी बाई नाही मी.

"राहू द्या न बाप्पा," काका फाटकाकडेच बघत म्हणाले. "मायी पोरगी अशाच पेपराले अकोल्याले आलती. लगनसराई होती, फुलाले भाव होता, मी बाजारात बसलो. एसटीनं एकटीच आली, एकटीच वापस गेली. काय लिवलं, कसं लिवलं, मी इचारलं बी नाही. आता फोनवर इचारतो, जेवली काय? हो म्हन्ते. मंग पुढं काय बोलाव, सुचत नाही."

आमची गाडी मेकॅनिकनं उचलून नेली. पंपच गेला होता. काका मात्र पेपर सुटेपर्यंत फाटकासमोर उन्हात उभे. सावलीत या म्हटलं तर म्हणाले, "तिथून पोरीले दिसन काय मी?"

परतताना मी मुद्दाम मागं बसले आणि सईला पुढं बसवलं. तिची टकळी सुरू झाली: पहिला प्रश्न काय होता, तो कसा सुटेना, मग एकदम कसा आठवला. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती श्वास घ्यायला थांबली की ते लगेच विचारायचे, "मंग?"