कापसात पुरलेली बरणी

"यंदा बड्या दिनाले असा केक करतो, का पुसदच्या बेकरीवाल्यानं येऊन माह्याजवळ शिकवणी लावली पाह्यजे!"

सत्यशीलाबाईंनी ही घोषणा केली तेव्हा दिवाळी नुकतीच उलटली होती आणि त्यांच्या ओट्यावर दारूबंदी महिला मंडळाची बैठक भरली होती. दारूचा विषय चहा येण्याआधीच संपला. संपणारच! गावातली शेवटची भट्टी बळीरामची. तिची मडकी अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे सत्यशीलाबाईंनीच, आखाडात स्वतःच्या हातानं फोडली होती. नियमही त्यांचाच : ज्याच्या घरी दारू सापडेल त्यानं थाळी वाजवत गावभर फिरायचं आणि आपला गुन्हा आपल्याच तोंडानं सांगायचा. बळीराम फिरला होता. मिशा खाली करून फिरला होता. तेव्हापासून पांढरकवड्याच्या पंचक्रोशीत बाईंचं नाव निघालं की गडीमाणसं उभ्या जागी तोंड पुसायची!

तर उरलेल्या बैठकीत बड्या दिनाचा बेत शिजला. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार, पण नाताळचा फराळ गावातल्या झाडून साऱ्या घरी जायचा. करंजी, चकली, अनारसे, आणि मधोमध केकचा तुकडा. हा रिवाज बाईंच्या सासूपासूनचा. पण यंदा बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला होता, उरलेल्याला भाव नव्हता, आणि 'चढेल, चढेल' म्हणून लोकांनी तो घरातच भरून ठेवला होता. दिवाळीच्या करंजीत खोबरं शोधायला चष्मा लागला होता!

"आई, यंदा केक राहू द्या ना," सून ममता म्हणाली. ती पुसदची. "बेदाणे किती महाग झाले! माझ्या माहेरी तर बेकरीतूनच आणतात."

"बेकरीचा केक? तो केक होय? साखर लावलेली गादी हाय ते!" बाई कडाडल्या. "बेदाण्याचं कायले टेन्शन घेतं? माही माय दुष्काळाच्या साली बेदाण्याच्या जागी मोहफुलं टाकत जाय. संत्र्याच्या रसात भिजवून! अशी चव, का मिशनातल्या मडमा बोटं चाटत राह्यल्या!"

"मोहफुलं?" उपाध्यक्ष भागीरथाबाईंनी भुवई चढवली.

"वाळलेली फुलं वो बाई! फुलात कुठं दारू असते? दारू माणसाच्या मनात असते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य छान होतं.

आता गंमत अशी की आईची कृती बाईंना तोंडपाठ होती, फक्त दोन ओळी एकमेकींत शिरल्या होत्या. आई बेदाणे भिजवायची महिनाभर, आणि मोहफुलं भिजवायची एक रात्र. बाईंनी मोहफुलं भिजवली बेदाण्यांच्या हिशेबानं! मोठ्या चिनी मातीच्या बरणीत फुलं, संत्र्याचा रस, वर गुळाचा खडा, तोंडाला फडकं. आणि बरणी ठेवायची कुठे? आई सांगायची, 'ऊब पाह्यजे.' घरात उबेला तोटा नव्हता. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. बाईंनी कोपऱ्यातल्या ढिगात हात घालून खड्डा केला आणि बाळंतिणीला गोधडीत गुंडाळावं तशी बरणी कापसात पुरली.

बरणी सुखावली. दोन-चार दिवसांत ती आतल्या आत गुणगुणू लागली, दरवळू लागली.

ते घरातल्या सगळ्यांना कळलं, बाईंना सोडून. कापूस घरात आला की बाईंचं नाक बंद व्हायचं ते थेट होळीला उघडायचं. फराळाचं तेल करपलं तरी त्यांना शेजारीण येऊन सांगायची.

यजमान देवराव मात्र एकाएकी कामसू झाले. जन्मात ज्यांनी स्वतःच्या चपला राखल्या नाहीत, ते दिवसभर कापूस राखू लागले! "उंदीर लय झाले गा," म्हणायचे आणि मधल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. थोड्या वेळानं आतून भजन सुरू व्हायचं. चाल रविवारच्या उपासनेतली, पण ठेका मात्र वरातीतला!

ममता घाबरली. सासरे पितात! तेही कुणाच्या घरात? दारूबंदीच्या अध्यक्षिणीच्या! हे सासूला सांगावं तर घर पेटेल आणि न सांगावं तर गाव पेटेल. बिचारीनं गुपचूप उपाय काढला. जेवण झालं की ती सासऱ्यांच्या तळहातावर दोन लवंगा ठेवायची.

"पाह्य, सून कशी माया करते," देवराव बायकोला म्हणायचे. "तुवा कधी लवंग देल्ली मले?"

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच भागीरथाबाई धापा टाकत आल्या. भागीरथाबाईंचं नाक म्हणजे कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा! एकदा वाजलं की साऱ्या गावाला उठावंच लागायचं.

"अध्यक्षीणबाई! गावात मोहाचा वास येऊन राह्यला!"

"कोनाच्या घरी?"

"थेच त समजून नाही राह्यलं. पण वास पक्का हाय. ताजा हाय!"

बाईंनी चकलीचा सोऱ्या जागीच टाकला. "उद्या बडा दिन, अन् आज माह्या गावात दारू? झडती! घरोघरी झडती! माह्यं घरही सोडायचं नाही, नियम म्हंजे नियम!"

थाळ्या घेऊन मंडळ निघालं. पहिलं घर अर्थातच बळीरामचं. तो बैलाला वैरण टाकत होता. बाई उंबऱ्यात शिरल्या आणि मागून भागीरथाबाई ओरडल्या, "आला! आला वास!"

"बळीराम! पुन्हा सुरू केली?"

"बैलाची आन, काकू! म्या शिवलीबी नाही!" बळीरामनं दोन्ही कान धरले. मग त्यानं नाक वर करून हवा ओढली आणि त्याचा चेहरा एकदम भक्तासारखा झाला. "काकू, हा माल आपला नाही. आपला येवढा चांगला कधीच नोता."

घर धुंडाळलं. काही मिळालं नाही. पुढच्या घरी गेल्या, बाई आत शिरल्या आणि वास आला! त्याच्या पुढच्या घरीही तेच! ज्या दारात सत्यशीलाबाईंचा पदर हेलकावे घेई त्या दारात मोहाचा दरवळ सुटे. सरपंचाच्या माजघरात वास, किराणा दुकानात वास, एवढंच काय, शाळेच्या व्हरांड्यातही वास!

"अख्खा गाव बाटला वो!" बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. आणि रोज सकाळी त्याच पदरानं हात पुसत त्या कापसात हात घालून, न बघताच बरणी हलवत होत्या, हे त्यांच्या ध्यानात कुठून येणार?

शेवटचं घर त्यांचंच राहिलं. बाई ताठ मानेनं आत शिरल्या. मागे अख्खं मंडळ, त्यामागे बळीराम, आणि त्यामागे बळीरामसारखेच बाईंच्या थाळीची चव घेतलेले पाच-सात गडी. भागीरथाबाईंनी मधल्या खोलीचं दार ढकललं मात्र, आणि दोन पावलं मागे आल्या.

कापसाच्या ढिगात देवराव गळ्यापर्यंत बुडून निवांत बसले होते. डोळे मिटलेले. तोंडात पपईच्या पानाची पोकळ दांडी, आणि दांडीचं दुसरं टोक कापसात!

"उंदीर पाहून राह्यलो," डोळे न उघडता ते म्हणाले.

बाईंनी कापूस उपसला. खाली बरणी. फडक्याला भोक, भोकात दांडी. बाईंनी फडकं सोडताच बरणीनं 'फस्स्' करून असा सुस्कारा टाकला, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून मागे सरकल्या आणि मागच्या रांगेतले गडी पुढे सरकले.

"हे... हे त केकचं हाय," बाई पुटपुटल्या.

ममताच्या हातून लवंगांची डबी खाली पडली. सत्यशीलाबाईंना दाराबाहेरचे ते गडी दिसत होते. एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. अजून नव्हतं! पण आज हे प्रकरण दाबलं तर उद्यापासून या गावात बाईंचा शब्द पावशेरही भरणार नाही, पुन्हा भट्ट्या पेटतील, पुन्हा बायका मार खातील, हे त्यांना बरणीतल्या रसाइतकं स्वच्छ दिसलं. मंडळ राहतं की जातं ते आता या बरणीवर होतं.

"अंगणात आना," त्या म्हणाल्या. "माह्याच घरी सापडली. निवाडा होऊ द्या."

निवाडा करायचा तर आधी ठरायला हवं होतं, ही दारू की भिजवलेली फुलं? मंडळातल्या कुणीही ती चाखायची नाही, नियम होता. ज्ञानी माणूस एकच.

"म्या शपथ घेतली हाय," बळीराम म्हणाला, पण पुढे येत म्हणाला.

"पंच म्हनून चाख. पिऊ नको," भागीरथाबाईंनी परवानगी दिली.

बळीरामनं एक चमचा घेतला. आभाळाकडे पाहिलं. दुसरा घेतला. "अजून पक्कं नाही सांगता येत." तिसरा घेतला. चौथ्याला भागीरथाबाईंनी चमचाच हिसकला.

"दारू नाही!" बळीराम म्हणाला.

अंगणानं श्वास सोडला.

"सडवा हाय. दारूची माय! हे भट्टीवर चढवलं, वाफ धरली, का झाली दारू."

अंगणानं श्वास परत घेतला.

"अन् वाफ धरली नाही त?" ममतानं विचारलं. सासूसमोर ती पहिल्यांदाच इतक्या जोरात बोलली. "केकमध्ये घालून उघडं भाजलं तर?"

बळीरामनं डोकं खाजवलं. "मंग वाफ जाईन उडून. खाली राह्यतीन फुलं. पण असं पाप आजवर कोनं केलं नाही!"

ठराव झाला : मंडळाच्या देखरेखीत, उघड्यावर, केक भाजावा. घमेल्यात वाळू आली, चुलीवर चढली. मैदा, गूळ, घरच्या कोंबड्यांची अंडी, सुंठ, जायफळ, आणि बरणीतला सगळा ऐवज. एका डब्यात मावेना म्हणून भागीरथाबाईंची पितळी पातेली आली. वाफ धरू नये म्हणून झाकण टाकायचं नव्हतं, आणि वाफेवर नजर ठेवायची म्हणून मंडळ चुलीला चिकटून बसलं.

वाफ कुठे जाणार? मंडळातच गेली! थोड्या वेळानं एकीला उगाच हसू आलं. दुसरीला माहेर आठवलं. भागीरथाबाईंनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं, त्यांनी लग्नातली गाणी म्हणायला घेतली, आणि "अध्यक्षीणबाई, तुम्ही लय चांगल्या हा वो!" असं म्हणून सत्यशीलाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. देवराव तेवढे ओट्यावर एकटे बसले होते, आणि ममता त्यांना कोरा चहा पाजत होती.

"झालं गेलं सोडा," भागीरथाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दारू नोतीच ना! थाळी वाजवायची काही गरज नाही."

"हाये गरज," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "सडवा त होता. बळीराम फिरला, मीबी फिरन. नाहीतर उद्या कोन्या गड्याले मी काय तोंड दाखवू?"

आणि नाताळच्या सकाळी, प्रार्थनाघरातून उपासना आटोपून, नवं लुगडं नेसून, बाई खरंच थाळी घेऊन निघाल्या! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं उघडली. बाईंनी मान ताठ ठेवली. टण्! टण्! टण्!

"ऐका होऽ! माह्या घरी मोहाचा सडवा सापडला होऽ! माह्या नजरचुकीनं महिनाभर मुरला होऽ! त्याचा केक करून टाकला होऽ! मले माफी करा होऽ!"

एका गल्लीतून दुसरीत, देवळापासून पारापर्यंत, बाईंनी एकही घर सोडलं नाही. घसा बसला, पण थाळी थांबली नाही. कुणी हसलं नाही. उलट जिथे जिथे बाई जात तिथे माणसं गंभीर होऊन उठत आणि घरात जात. बाईंचं मन भरून आलं. शिक्षा अशी पाहिजे! गावाच्या काळजाला भिडली!

परत आल्या तर त्यांना आपलं घर दिसेना. अंगणात, ओट्यावर, गोठ्यापर्यंत माणसंच माणसं! एरवी फराळाचं ताट बायकांच्या हाती घरपोच जायचं आणि गडीमाणूस या अंगणात फिरकतही नसे. आज सारे स्वतः आले होते. आंघोळ करून, केसांना तेल लावून, धुतलेले सदरे घालून. गावात ज्यांच्या ज्यांच्या बाटल्या बाईंनी फोडल्या होत्या ते सगळे सर्वांत पुढे, शाळकरी पोरांसारखे रांगेत! चकल्या, करंज्या, अनारसे, कुणी हात लावत नव्हतं.

"बडा दिन मुबारक, काकू!" बळीरामनं हात जोडले. "फक्त तो केक द्या."

ममता कापून कापून थकली. आधी ताटाएवढे तुकडे होते, मग काडेपेटीएवढे, शेवटी भागीरथाबाईंचं पातेलं चमच्यानं खरवडून झालं. केक संपला. घरच्या माणसांना दर्शनही झालं नाही. प्रार्थनाघरातल्या पाळकसाहेबांसाठी राखलेला तुकडासुद्धा गेला, तो कुणी नेला ते विचारायची सोय नव्हती, कारण त्या वेळी तिथे देवरावच उभे होते.

रांग मात्र अजून गोठ्यापर्यंत होती. सत्यशीलाबाई थाळी छातीशी धरून ओट्यावर टेकल्या. केक संपल्याचं कळलं तसे लोक नाइलाजानं करंज्या उचलून पांगू लागले. सर्वांत शेवटी उभा असलेला गुलाबसिंग तेवढा हलला नाही. तांड्यावरून आला होता तो, एवढ्या लांबून. त्यानं करंजी खिशात टाकली, अदबीनं पुढे झाला आणि बाईंच्या थाळीकडे बोट दाखवून म्हणाला,

"काकू, आता हे पुन्हा कधी वाजवता?"