मागनं दार हाय का?

भानुदासतात्या कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारतात, "मागनं दार हाय का?"

आधी हा प्रश्न, मग रामराम, मग पाणी. दार आहे असं सांगून भागत नाही. ते सरळ स्वयंपाकघरातून चालत जातात, मागचं दार उघडून बाहेर डोकावतात, कडी अडकत तर नाही ना ते दोनदा बघतात आणि मग येऊन निवांत मांडी घालतात. घरातल्या बायका सुरुवातीला दचकायच्या. आता आमच्या गल्लीत तात्या येताना दिसले की लोक आपणहून मागचं दार उघडून ठेवतात.

मी त्यांचा भाडेकरू. लोणी देवकरच्या एमआयडीसीत सुपरवायझर म्हणून लागलो आणि इंदापुरात खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. पाणी कधी येतं, मीटर वेगळं आहे का, असले प्रश्न मी घोकून ठेवले होते. त्यांनी मला एकच विचारलं, "बुद्धिबळ येतं का?"

"थोडंफार येतं," मी म्हणालो.

"मंजी येत न्हाय," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तात्या मूळचे कळंबचे. एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी बहुतेक बारामती-इंदापूर याच रस्त्यावर झाली. रस्ता सुटला, पण एसटी काही अंगातून गेली नाही. कुणाच्या घरून निघायची वेळ झाली की ते दारापर्यंत जातात आणि तिथंच उभे राहतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा असेच उंबऱ्यात उभे राहिले. माझ्या बायकोला वाटलं, म्हाताऱ्याला अजून चहा हवा असेल. तिनं पुन्हा आधण ठेवलं. तात्या मान हलवून म्हणाले, "च्या नगं, सूनबाई. डबल बेल द्या."

तेव्हा आम्हाला कळलं. कंडक्टरनं दोरी ओढून एकदा घंटी वाजवली की गाडी थांबवायची, दोनदा वाजवली की सोडायची. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या मनानं गाडी सोडली नाही, आता घरी निघताना तरी कशी सोडतील? बायकोनं दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं. तात्या खूश होऊन चालू लागले. आता आमची लहान लेकसुद्धा त्यांना झोकात डबल बेल देते.

मागच्या दाराचं खूळ मात्र एसटीतलं नाही, ते बुद्धिबळातलं. ते त्यांनी मला पहिल्याच रविवारी समजावलं. त्यांच्याकडे एक छोटा, भोकांचा पट आहे. सोंगट्यांना खाली खुंट्या आहेत, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी डाव मोडत नाही. त्यांनी राजा कोपऱ्याजवळ ठेवला, त्याच्या पुढ्यात तीन प्यादी मांडली आणि मला विचारलं, "राजा सुरक्षित हाय का?"

"आहे की. समोर तीन पहारेकरी आहेत."

तात्यांनी समोरून एक हत्ती उचलला आणि सरळ राजाच्या ओळीत आणून टेकवला. राजाला डावीकडे-उजवीकडे हत्तीचा मारा, आणि पुढं जावं तर आपलीच प्यादी वाट अडवून उभी.

"ही वाघरातली मात," ते म्हणाले. "मेंढरं रातच्याला वाघरात कोंडत्यात, म्हायतीये न्हवं? जाळी लांडग्यासाठी बांधायची. पर लांडगा एकदा आत शिरला, की तीच जाळी मेंढरांना बाहीर पडू देत न्हाय."

तात्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, त्यामुळे या मातेचं नावही तिकडचंच. या मातेवर उपाय एकच. निवांत असताना कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवायचं. म्हणजे राजाला पळायला खिडकी होते. "खिडकी ठेवा, पाव्हणं," हे त्यांचं पालुपद. घराला मागचं दार, एसटीला संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग आणि राजाला खिडकी. या तिन्हींशिवाय कुठंही बसायचं नाही, असा त्यांचा नेम आहे.

या नेमापायी त्यांनी एकदा पुतण्याचं लग्न मोडत आणलं होतं. मुलगी बघायला मंडळी लोणी भापकरला गेली. पोहे यायच्या आधीच तात्यांनी मुलीच्या बापाला विचारलं, "मागनं दार हाय का?" बापाचा चेहराच उतरला. मुलगी बघायला आलेला माणूस मागच्या दाराची चौकशी करतो म्हणजे यांच्या कानावर काय आलंय, असं त्याला वाटलं. मुलीचा मामा बाह्या सारून उठला. शेवटी मुलीची आजी तात्यांना घेऊन मागं गेली. दार थेट गोठ्यात उघडत होतं आणि पुढं मोकळं रान होतं. तात्या परत आले आणि बसता बसता म्हणाले, "स्थळ पसंत हाय." मुलगी अजून बाहेर यायचीच होती.

मला त्यांनी कितीतरी महिने पूर्ण डाव खेळूच दिला नाही. "गाडी शिकायची तर आधी ब्रेक शिकायचा. डाव शिकायचा तर आधी मात," असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी चार-पाच सोंगट्या मांडायचे आणि मला शेवट करायला लावायचे. दोन हत्तींनी एकेक ओळ कापत राजाला कडेला रेटायचं, ती नांगरट. वजिरानं राजाला अगदी चिकटून उभं राहायचं आणि मागून दुसऱ्या कुणीतरी त्याला जोर द्यायचा, ती गळामिठी. राजाला आपल्याच माणसांनी सगळीकडून घेरलेलं असताना घोड्यानं उडी मारून शह द्यायचा, तो कोंडमारा. आणि वजीर-उंटानं चार चालीत गुंडाळतात त्या मातेला ते पाव्हण्याची मात म्हणतात, कारण ती खाणारा माणूस च्या यायच्या आत घरी जातो. ती मी एकदाच खाल्ली. तात्यांनी चहा मात्र पाजला.

बसस्थानकासमोरच्या टपरीवर त्यांच्याशी खेळायला बारामतीहूनसुद्धा लोक यायचे. कधी जिंकायचे, कधी हरायचे. पण वाघरातली मात तात्यांना कुणी दिली असं मी पाहिलं नाही. दहाव्या-बाराव्या चालीला त्यांचं कडेचं प्यादं न चुकता पुढं सरकलेलं असायचं.

म्हणून मला एका गोष्टीचं नवल वाटे. रोज चहा झाला की तात्या पट पिशवीत घालून गुलाबरावांकडे जात. गुलाबराव म्हणजे त्यांचे नोकरीभरचे कंडक्टर. तात्या गाडी हाकायचे, गुलाबराव तिकिटं फाडायचे आणि बारामतीच्या स्थानकात गाडी लागली की तिकिटाच्या पेटीवर दोघांचा डाव लागायचा. आता गुलाबराव पलीकडच्या आळीत राहत. तात्या दिवेलागणीला परत येत आणि फाटकातूनच ओरडून सांगत, "आज बी हरलो!" तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या उसाला पहिली तोड मिळाली.

रोज हरतात! मी तर गुलाबरावांचा धसकाच घेतला. तात्यांना रोज लोळवणारा हा पैलवान बघायचाच म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो.

गुलाबराव खाटेवर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. लकवा मारून वर्ष होऊन गेलं होतं. तात्यांनी कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मागच्या दाराकडे एक नजर टाकून ते खाटेवर बसले आणि डाव मांडला.

गुलाबराव डाव्या हातानं खेळत. एकेक खुंटी भोकात बसवायला त्यांना फार वेळ लागे. तात्या तोवर बारामती रस्त्यावरच्या जुन्या गमती सांगत बसत. बऱ्याच वेळानं मी पटाकडे नीट पाहिलं आणि चमकलो. तात्यांचा राजा कोपऱ्याजवळ, पुढ्यात तीन प्यादी, तिन्ही जागच्या जागी, आणि ओळ राखणारा हत्तीही भलतीकडेच गेलेला. मी न राहवून म्हणालो, "तात्या, खिड..." तेवढ्यात माझ्या पायावर त्यांची टाच पडली.

गुलाबरावांनी हत्ती उचलला. त्यांनी तो राजाच्या ओळीत नेऊन बसवला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मात!"

"आरं तिच्या मायला! पुन्यांदा फसलो की," तात्यांनी कपाळावर हात मारला.

गुलाबरावांच्या बायको, हौसाकाकू, पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "दिसभरात एवडा एकच शबुद येतो बगा त्यांच्या तोंडातनं. माजं नाव बी येत न्हाय."

परत येताना तात्याच म्हणाले, "डाक्टर म्हनला, बोलतं ठिवा. आता त्याला मात सोडून काय बोलता येत न्हाय, तर मी तरी काय करू?" आणि फाटकात आल्यावर नेहमीसारखे ओरडले, "आज बी हरलो!" मला त्या दिवशी हसू आलं नाही.

पावसाळ्यात तात्या न्हाणीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भोवळ आली होती. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा पुण्याला असते, ती त्यांना दादा म्हणते. तिचा जीव खालीवर झाला. तिनं मला फोन केला, "भाऊ, तुम्ही तरी समजवा. मी दादांची खोली तयार ठेवलीय. उद्या काही झालं तर मी तिकडून कधी पोचायची?" तिचं काही चुकत नव्हतं. सुनंदाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तात्या घरात एकटेच होते. मी समजावलं. तात्या म्हणाले, "तिचा फ्लाट अकराव्या मजल्यावर हाय. मागनं दार न्हाय." पण फोनवर लेक रडली तेव्हा ते विरघळले. रविवारी ती गाडी घेऊन येणार असं ठरलं. तात्यांनी बॅग भरली आणि शनिवारी संध्याकाळी मला म्हणाले, "चला, पाव्हणं. आज एकट्याला जाववत न्हाय."

तिथं त्यांनी पुण्याचं नावही काढलं नाही. पण हौसाकाकूंचे डोळे लाल दिसत होते. बातमी त्या घरात आमच्या आधी पोचली होती.

डाव नेहमीसारखा चालला. तात्यांनी नेहमीसारखी तिन्ही प्यादी जागेवर ठेवली. गुलाबरावांनी हत्ती उचलला. मात एका चालीवर होती. पण त्यांनी हत्ती होता तिथंच परत ठेवला. मग डावा हात लांबवून, पट ओलांडून, त्यांनी तात्यांचं कडेचं प्यादं उपटलं आणि एक घर पुढं बसवलं.

राजाला खिडकी झाली. गुलाबरावांनी तात्यांकडे पाहिलं आणि पटाच्या कडेवर बोटानं वाजवलं. टक, टक.

डबल बेल होती ती. कंडक्टर ड्रायव्हरला सांगत होता, जा.

तात्या कितीतरी वेळ त्या प्याद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नाक पुसलं, प्यादं उचलून मागं होतं त्याच भोकात घट्ट बसवलं आणि पटावर एकदाच वाजवलं. टक.

"पाशिंजर ऱ्हायलंय खाली, गुलाब्या," ते म्हणाले. "बेल देतूस कशाला? चाल खेळ."

गुलाबरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचा हात हत्ती धरण्यात गुंतला होता. हौसाकाकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. हत्ती ओळीत आला. "मात," गुलाबराव म्हणाले. या वेळी आवाज खणखणीत नव्हता, पण शब्द स्पष्ट होता.

रविवारी सुनंदा आली. "फ्लाटला मागनं दार न्हाय," तात्यांनी सुरू केलं. ती चिडली, रडली, आम्हा नवरा-बायकोकडे तक्रार केली. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "ताई, आज दादांबरोबर गुलाबकाकांकडे जाऊन या." ती गेली आणि परतली ती पुण्याचा विषय न काढता. तात्यांच्या आधी तीच फाटकातून म्हणाली, "दादा आज पण हरले."

ती आणखी एक दिवस राहिली. माणूस बोलावून न्हाणीत धरायला आडवी दांडी बसवून घेतली आणि माझ्या बायकोकडे घराची एक किल्ली दिली. दांडीला लोंबकळून बघत तात्या म्हणाले, "आता ही खरी एसटी झाली."

निघताना सुनंदानं गाडी सुरू केली, पण गाडी हलेना. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत नुसतीच बसून राहिली. मला वाटलं, काही विसरली असेल. तात्यांना बरोबर कळलं. ते पुढं झाले, टपावर एक हात ठेवून क्षणभर थांबले आणि मग त्यांनी दोनदा वाजवलं.