सुखदेवभाऊंची ढाल

आमचे शेजारी सुखदेवभाऊ यांच्याकडे गेलं, की चहाच्या आधी त्यांना मारावं लागायचं. पुढे पुढे त्यांच्या हातचा मार खावाही लागू लागला, पण ते नंतर सांगतो.

पहिल्यांदा मी गेलो होतो त्यांची शिडी मागायला. भाऊ अंगणात पाय रोवून उभे. डाव्या हातावर प्लायवूडची, छातीपासून गुडघ्यापर्यंत येणारी एक गोल वस्तू. उजव्या हातातला फोम गुंडाळलेला पाइप त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"मारा मास्तर."

"कोणाला?"

"मले. जीव लावून मारा, लाजू नका."

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. मारण्याची सवय सरकारनं कधीच सोडवलेली. तरी शिडीची गरज होती म्हणून एक फटका दिला.

"हे मारनं झालं? माश्या हाकलून राह्यले का?"

मग मी दातओठ खाऊन मारलं, आणि मला शिडी मिळाली. गॅसच्या टाक्या आणणारा मुलगा मात्र माझ्यासारखा भिडस्त निघाला नाही. दिवसभर जिने चढून आलेला सगळा वैताग त्यानं भाऊंवर काढला, आणि नंतर तर टाकी नसतानाही तो आमच्या गल्लीतून चक्कर मारू लागला.

सुखदेवभाऊ एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. वडनेरात, हायवेला लागून आमची गल्ली, त्यामुळे गाड्यांचा आवाज त्यांना निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. गाडी सुटली तरी माणसाच्या अंगातून ती जात नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो. खुर्चीतून उठताना आधी उजव्या खांद्यावरून मागे बघतात. वळायचं असलं की चालतानाही हात बाहेर काढतात. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचं जेवण झालं तरी ते उठत नाहीत, शेजाऱ्यानं पाठीवर दोन थापा मारल्या की मगच उठतात. "डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवाची नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

वहिनी गेल्या, आणि त्या घरात बोलणारं माणूस राहिलं नाही. भाऊ जगाशी भरपूर बोलतात. पण घरातलं बोलणं सगळं वहिनींच्या खात्यात होतं. एकुलती एक मुलगी अश्विनी पुण्याला नोकरी करते. तिच्याशी काय बोलायचं हे बापाला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवली का माय?"

"हो बाबा. तुम्ही?"

"हाव."

आणि मग दोघंही फोन कानाला लावून एकमेकांच्या घरातला पंखा ऐकत बसायचे. शेवटी कोणीतरी "बरं" म्हणायचं. मी भिंतीच्या अलीकडे बसून हे ऐकायचो, आणि मलाच घसा खाकरावासा वाटायचा.

अशाच एका पंख्याच्या वेळी अश्विनीनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा, आपल्याकडे चांगला फोम मिळतो का हो?"

झालं! भाऊंना एवढी ऑर्डर पुरली.

प्रकरण असं होतं. पुण्यात रविवारी तिच्या ओळखीची मुलं-मुली एका मैदानावर जमतात, दोन सैन्यं करतात आणि फोमच्या तलवारींनी लढतात. लागत कोणालाच नाही. पण हाताला वार बसला तर तो हात पाठीमागे धरून लढायचं, पायाला बसला तर गुडघ्यावर बसून लढायचं, आणि छातीला बसला तर मरून बाजूला जाऊन पाणी प्यायचं.

"मेल्यावर पानी पेतात?" भाऊंनी मला विचारलं. "भलतंच काई." पण चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. अश्विनी त्या सैन्यात पुढच्या रांगेत असते आणि तिला नवी ढाल हवी होती.

फोम आणायला भाऊ शेगावला गेले. मीही सोबत होतो, दर्शन होईल म्हणून. तिथे लॉजच्या गाद्या बनवणारं एक दुकान आहे. भाऊंनी दुकानातला प्रत्येक फोम दाबला, हुंगला, एकावर तर डोळे मिटून आडवेही झाले.

"किती मानसं झोपनार हायेत यावर?" दुकानदारानं विचारलं.

"कोनीच नाही. लढाई हाय."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी गाद्यांकडे पाहिलं.

अशी ती ढाल बनली. आतल्या बाजूनं भाऊंनी एवढा फोम लावला, की ढाल धरणारा माणूस उभा राहण्याऐवजी तिच्यात निजलेला दिसे. जुन्या दप्तराचे पट्टे हाताला. समोरून मात्र कोरं प्लायवूड, त्यावर लाल ऑइलपेंट. महिनाभर सगळ्या गल्लीचा मार खाल्ला, भाऊंच्या अंगाला ओरखडा नाही. मग त्यांनी व्हिडिओ कॉल लावून ढाल अश्विनीला दाखवली.

ती हसता हसता खुर्चीवरून घसरली. "बाबा, उलटी झाली! फोम बाहेरून लावतात. कडेला तर जास्तच."

"बाहेरून कायले? तू त आत राह्यशीन."

"मला नाही लागत हो. समोरच्याला माझी ढाल लागू नये म्हणून असतो तो. कड टणक असली तर ते खेळायलाच देत नाहीत."

भाऊंनी फोन ठेवला आणि पायरीवर येऊन बसले. "ढाल माह्या पोरीची, अन् वाचनार थो समोरचा? हे काऊन?" दोन दिवस त्यांनी ढालीला हात लावला नाही. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही मधात बोलू नका. हे बापाचं काम हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. "मास्तर, समजलं! रस्त्यानं सायकलवाला चालला, त आपन त्याले पाहून गाडी चालवतो. आपलं काय, आपली गाडी लोखंडाची. पोरगी बरोबर म्हनते."

आणि नवं पर्व सुरू झालं. आतला फोम निघून समोरच्या बाजूला आला. एसीच्या पाइपावर असते ती काळी फोमची नळी मलकापूरहून आली. ती उभी चिरून ढालीच्या कडेला बसवायची. ती कशी चिरायची, किती जाड घ्यायची, चिकटवायचं सोल्युशन एका बाजूला लावायचं की दोन्ही, यावर बाप-लेकीचे रोज फोन. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, भात गार व्हायचा, बोलणं चालूच. बोलता बोलता ढालीवरून गाडी तिच्या साहेबावर जायची, साहेबावरून वहिनींच्या हातच्या मिरचीच्या भाजीवर. एकदा तर मी भाऊंना मोठ्यांदा हसताना ऐकलं. वहिनी गेल्यावर ते पहिल्यांदाच. मी बायकोला हाक मारून ऐकवलं.

फक्त चाचणी उलटी झाली. आता कड मऊ आहे की नाही हे बघायचं होतं, म्हणून भाऊ येईल त्याला उभं करून ढालीनं धडक द्यायचे आणि आस्थेनं विचारायचे, "लागलं का? खरं सांगजा." दूधवाला दुधाची पिशवी आमच्या भिंतीवर ठेवून पळू लागला. गॅसचा मुलगा तर टाकी फाटकापासूनच गडगडत सोडून द्यायचा. माझ्या बायकोनं मात्र धडक खाल्ली आणि "काहीच नाही लागलं भाऊजी" असं सर्टिफिकेट दिलं. ढाल पास झाली.

अश्विनीनं कळवलं, कुरिअर नको, मीच येते. शनिवारी नांदुरा स्टेशनवर उतरेन, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत.

शुक्रवारी मी गच्चीवर गेलो तर पलीकडच्या गच्चीवर भाऊ. ढाल मांडीवर, आणि कडेची ती जिवापाड चिकटवलेली नळी ते बोटांनी उचकटत होते.

"अहो भाऊ, काय करता?"

ते दचकले. मग खाली बघत म्हणाले, "पोरगी येईन, ढाल घेईन, जाईन. मंग मास्तर, फोनवर बोलाचं काय? जेवली का, हाव. एवढंच ना?"

मी टाकीचं झाकण उघडून पाणी किती आहे ते बघितलं आणि खाली आलो.

अश्विनी आली. रविवारी दुपारी ती ढाल घेऊन आमच्या अंगणात उभी. भाऊ भिंतीपलीकडे झाडांना पाणी घालत होते. मे महिन्यातल्या भर दुपारी.

"काका, खरं सांगा," ती पुण्याच्या मराठीत म्हणाली. "काल दुपारी बाबांनी ही कड पुन्हा चिकटवली. आता म्हणतात बुधवारपर्यंत हात लावू नको, सुकायचं आहे. एवढा वेळ लागतो?"

पलीकडे नळाचा आवाज बंद झाला.

आमच्या गच्चीवर बायकोनं सकाळी घातलेल्या कुरडया दुपारपर्यंतच कडकडीत वाळल्या होत्या. मी मुलांना विज्ञान शिकवतो. पण मी म्हणालो, "लागतो बेटा. उन्हाळ्यात जरा जास्तच लागतो."

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघितलं. मग तिनं अंगठा कडेवर घट्ट दाबला, उचलला आणि माझ्यासमोर धरला. स्वच्छ, कोरडा अंगठा. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

"हाव, ओलंच हाय अजून," ती भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली. "काका, साहेबाले सांगतो, बुधवारलोक काई येनं होत नाही."

भिंतीपलीकडून भाऊ ओरडले, "पाह्यलं का मास्तर? मी त कवाचा सांगून राह्यलो!" आणि नळ पुन्हा सोडला.