विलायती कुंडीतली भुजली

देवेंद्रने बायकोशी फक्त एकच वाक्य खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि तेही लहानसं. "ऑफिसातल्या उमेंद्रच्या मावशीनं घरातली अडगळ काढली, त्यातली होय. साधीच कुंडी," असं म्हणून त्याने ती फुलचूरच्या आपल्या घराच्या ओसरीत ठेवली आणि हात झटकले.

कुंडी साधी नव्हती. पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये घडवलेली, शिंपल्याच्या आकाराची, बाहेरून दुधी, आतून फिकट हिरवी, तळाला कारखान्याचा ठसा. पाटबंधारे खात्यातल्या या वरिष्ठ लिपिकाला असल्या जुन्या विलायती चिनीमातीच्या कुंड्यांचं वेड लागून चार वर्षं झाली होती. (या वयात इतरांना मधुमेह होतो.) कपाटावर हंस होता, फ्रिजवर होडी होती, टीव्हीशेजारी झाडाचं खोड होतं. खोड आलं तेव्हा संध्याने त्याला देवापुढे उभं करून वदवून घेतलं होतं की आता चौथी नाही. आणि शिंपल्यासाठी तर तो दोन वर्षं कोलकात्याच्या एका दुकानदाराच्या हातापाया पडत होता. मग खोटं बोलल्याशिवाय गत्यंतर काय?

संध्याने कुंडीकडे पाहिलं आणि "बरं" एवढंच म्हणाली. बायको अशा स्वरात 'बरं' म्हणाली की शहाणा नवरा जागच्या जागी गुन्हा कबूल करतो. देवेंद्र दुसऱ्या दिवशी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला निघून गेला.

परत आला तर ओसरी रिकामी.

"इथली कुंडी कुठं गेली?" त्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

"नागपंचमीले मायनं भुजली पेरली तिच्यात," संध्या कणीक मळता मळता म्हणाली. "साधीच होय म्हटलं नं तुम्ही?"

माय म्हणजे देवेंद्रची आई, फुलवंताबाई. देवरीकडच्या शेतातली धानाची रोवणी (भातलावणी) आटोपून ती श्रावणात लेकाकडे आली होती. आणि भुजली म्हणजे गहू. नागपंचमीला टोपलीत नाहीतर पानांच्या द्रोणात पेरायचा, अंधाऱ्या खोलीत पिवळाधमक वाढू द्यायचा, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी बायांनी गाणी म्हणत बोडीवर, म्हणजे गावच्या तलावावर नेऊन शिरवायचा. गणपती शिरवतात तसा. पाण्यात. कायमचा.

देवेंद्र मागच्या खोलीकडे धावला आणि दारातूनच त्याने मोबाईलचा टॉर्च लावला. पिवळ्या रोपांखाली एक पांढरी कड चमकली. बिचारी जिवंत होती.

"उजेड नोको पाडू," मागून माय म्हणाली. "भुजली हिरवी पडते. आन् हात त लावूच नोको. देव हाये थो आता."

"माय, मी बांबूची टोपली आणून देऊ का? आपली जुनी रीत तीच नं?"

"तुले कवापासून रीतीचा पुळका आला?"

"तसं नाही, कुंडी जड आहे. तुझी मान दुखेल."

"म्या साऱ्या जिंदगीत डोक्शावर धानाचे भारे वाह्यले. कुंडीनं का होते?"

"मग मी नेतो नं डोक्यावर."

"बायाइच्या मिरवणुकीत?" मायने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

खरं सांगितलं तर कुंडी वाचणार होती, पण संध्याच्या तावडीतून देवेंद्र वाचला नसता. न सांगावं तर कुंडी बोडीच्या तळाशी गाळात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुढचे सहा दिवस तो घरात मांजराच्या पावलांनी वावरला. बायको सांगेल ते काम, अगदी लसूण सोलण्यापर्यंत, करायचं, माय सांगेल तिथे बसायचं, आणि दिवसातून दहा वेळा त्या अंधाऱ्या दाराशी जाऊन पांढरी कड पाहून यायची.

भुजलीच्या दिवशी त्याने रजा टाकली. लाल कपड्यात गुंडाळलेली कुंडी मायच्या डोक्यावर आणि तिच्या मागे विकेटकीपरसारखे हात पसरून देवेंद्र, अशी ती मिरवणूक निघाली.

"पाह्य वो संध्या," शेजारची दुर्गेश्वरी म्हणाली, "सासूची किती काळजी तुह्या नवऱ्याले."

संध्याने पदर तोंडाला लावला.

बोडीच्या पायरीवर माय वाकली. लाल कपडा सुटला, ओला हात निसटला, आणि कुंडी रोपांसकट पाण्यात गेली.

देवेंद्रने विचार केला नाही. चपला, घड्याळ, खिशातला मोबाईल, सगळ्यांसकट त्याने उडी मारली. पाणी छातीएवढं होतं, पण गाळ गुडघ्याएवढा. नाकातोंडात पाणी जाईस्तोवर त्याने तळ चाचपला. कुणाची तरी वीट सापडली, कुंडी नाही. काठावर बाया ओरडत होत्या, "वर पाह्य, वर पाह्य." डोकं वर काढलं तर कुंडी हातभर अंतरावर निवांत तरंगत होती. बुडत होता तो देवेंद्र.

त्याने तिला छातीशी धरलं. सत्तर वर्षांपूर्वीचा माल, आणि तरंगतो! काय कारागीर असतील ते. त्याचा जीव असा भांड्यात पडला की पायरीवर बसून तो चक्क रडला, आणि त्या भरात सगळं बोलून गेला. इंग्लंड, कोलकाता, मोडलेली शपथ, उमेंद्रची नसलेली मावशी.

"माहीत हाये," संध्या म्हणाली. "खोक्यातली दुकानाची चिठ्ठी मी त्याच दिवशी वाचली."

"आणि तरी यात गहू पेरू दिला?"

"यात नाही," असं म्हणून मायने त्याच्या हातातली कुंडी घेतली आणि बोटाने वाजवली. डब्यासारखा आवाज आला. "हे पलाष्टिकची होय बापू. तुह्या कुंडीले खाली छेदच नाही. पाणी साचलं, गहू सडून राह्यले होते. तिसऱ्याच दिवशी दुर्गेश्वरीनं हे तशाच आकाराची देल्ली, मंग गहू हिच्यात लावले."

म्हणजे विलायती चिनीमातीचा हा जाणकार सहा दिवस बाजारातल्या प्लास्टिकवर पहारा देत होता. पण त्या क्षणी देवेंद्रला लाज वाटायलाही सवड नव्हती.

"मग माझी कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात. लसूण ठेवला तिच्यात."

"फुटली नाही नं? टवका नाही नं उडाला?"

"मले का विचारता जी?" संध्या त्याच्या केसांतलं शेवाळ काढत म्हणाली. "सहा दिवस झाले, रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन तुम्हीच त लसूण सोलून राहिले तिच्यातला."