चार जीबीची जागा

समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचे काम दोनशे एकाहत्तराव्या नोंदीवर पाचव्यांदा थांबले आणि काळ्या पडद्यावर पुन्हा तोच एक शब्द उमटला : 'किल्ड', म्हणजे काम मध्येच मारून टाकले. आनंदीबाई फणसे यांनी चष्मा काढून पदराने पुसला. सदतीस वर्षे गणित शिकवल्यामुळे एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. पाच वेळा तेच उत्तर येत असेल, तर रुसवा-फुगवा यंत्राचा नसतो. आपलेच काहीतरी मांडायचे राहिलेले असते.

नोंदी चारशे अठरा होत्या. प्रत्येकीसोबत फोटो, आणि उपवर मुलामुलींच्या पालकांनी तो शक्य तितका मोठा पाठवलेला. बडा गणपतीजवळच्या समाजाच्या कार्यालयातला संगणक मात्र जुना होता. त्यावर बाईंनी स्वतः लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली होती आणि गेली नऊ वर्षे पुस्तिका तेथेच तयार होत होती. मेळावा रविवारी होता. फाइल आज संध्याकाळी छापखान्यात पोहोचायला हवी होती.

सचिव नीरज दारातच उभा होता. तो बाईंचा आठवी 'ब'मधला विद्यार्थी. त्यांच्यासमोर बसून त्यांना नाही म्हणणे त्याला अजूनही जमत नसे.

"बाई, टेन्शन नका घेऊ. चार वाजता मी भूषणला घेऊन येतो. त्याच्या दुकानात झकास मशीन आहे. तोपर्यंत तुमचं झालं तर ठीक, नाही तर तो काम घेऊन जाईल. और फिर पुढच्या वर्षीपासून त्यालाच देऊन टाकू ना. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"मला त्रास होतोय असं कोण म्हणालं?"

"तसं नाही, बाई. वय पण झालं ना."

"वय माझं झालंय. थांबतोय कम्प्यूटर. चार वाजता ये."

नीरज गेला. बाईंनी संगणकाच्या मेमरीचा हिशेब पडद्यावर मागवला. मेमरी दोन जीबी. ती काठोकाठ भरत होती. खालच्या ओळीत 'स्वॅप' लिहिले होते आणि त्यापुढे शून्य. नऊ वर्षांपूर्वी लिनक्स बसवताना हार्ड डिस्कवरची जागा वाचावी म्हणून आपणच ते शून्य ठेवले होते, हे त्यांना आठवले. चूक सापडल्याचा आनंद त्यांना ती स्वतःची असूनही झाला. आता हार्ड डिस्कवर चार जीबीची एक फाइल करायची, मेमरी भरली की उरलेला पसारा तिच्यात ठेव असे यंत्राला सांगायचे, की झाले.

पण हार्ड डिस्कवर जेमतेम सहाशे एमबी शिल्लक होते. बाकी सारी जागा समाजाच्या कार्यक्रमांच्या चित्रफितींनी व्यापलेली होती. आणि त्यांना हात लावण्याची सोय नव्हती. एकदा कोणीतरी नाट्यस्पर्धेची फीत पुसून टाकल्यावर समाजात दोन तट पडले होते. तेव्हापासून ठराव होता : ज्याचा कार्यक्रम, त्याची लेखी संमती असल्याखेरीज काहीही पुसले जाणार नाही. कोणी पुण्यात होते, कोणी कॅनडात. हाताशी असलेला एकच धनी होता, आणि सर्वांत मोठी फाइलही त्याचीच होती. माजी अध्यक्ष दौलतराव लांभाते शेजारच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी तिथे जाऊन स्वॅपसाठी त्यांची फीत पुसण्याची संमती मागितली.

"माझं अध्यक्षीय भाषण?" दौलतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "बाई, तो इतिहास आहे समाजाचा. पेन ड्राइव्हमधे टाकून ठेवा ना."

"कार्यालयात एकच पेन ड्राइव्ह आहे. तो नवरदेवांनी भरलाय."

"मग भाषणच का? आणि हे स्वॅप म्हणजे आहे तरी काय?"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "आपल्या हॉलमध्ये किती पानं बसतात?"

"शंभर."

"दीडशे माणसं आली तर?"

"व्हरांड्यात बसवतो. वाढायला थोडा वेळ लागतो, पण उपाशी कोणी जात नाही."

"तोच व्हरांडा मला हवाय. तो नसला की हा कम्प्यूटर काय करतो, माहीत आहे? जो सर्वांत जास्त जेवतोय त्याला भरल्या पानावरून उठवतो. आज पाच वेळा पुस्तिकेला उठवलं त्याने."

पंगतीतून माणूस उठवणे ही गोष्ट दौलतरावांना फारच लागली. तरी त्यांनी मान डोलावली नाही. "तुम्ही भाषण ऐकलंच नाही, बाई, म्हणून असं म्हणता. एकदा ऐका. मग तुमचाच हात धजावणार नाही."

बाईंनी घड्याळ पाहिले. एक वाजून दहा मिनिटे झाली होती. वाद घालण्यापेक्षा ऐकणे लवकर संपेल, या समजुतीने त्यांनी दौलतरावांना कार्यालयात आणून संगणकासमोर बसवले आणि फाइल उघडली.

पडद्यावर फेटा बांधलेले दौलतराव उभे राहिले. खुर्चीतले दौलतराव कौतुकाने पुढे झुकले. पाच मिनिटांनी ते मागे टेकले. बाराव्या मिनिटाला त्यांनी विचारले, "अजून स्वागतच चाललंय का?"

"हो. आता हातोदहून आलेल्या पाहुण्यांचं."

"पूर्ण किती आहे?"

"एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं."

एवढ्यात कॅमेरा श्रोत्यांकडे वळला. पहिल्या रांगेत यमुनाबाई होत्या, दौलतरावांच्या पत्नी. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली होती. जांभळी महेश्वरी साडी, मांडीवर पर्स, आणि मान एका बाजूला कलंडलेली. त्या गाढ झोपल्या होत्या.

दौलतराव पुन्हा पडद्याकडे झुकले.

"घरी गेल्यावर म्हणाली होती, फार छान झालं तुमचं," ते हळूच म्हणाले. "शेवटपर्यंत हेच सांगत राहिली हो." मग त्यांना हसू आले आणि ते हसू त्यांना आवरेना. "बाई, हिचा एवढा फोटो काढून माझ्या मोबाइलवर द्या. भाषण पुसा."

बाईंनी त्या क्षणाचा फोटो काढून दिला. दौलतरावांनी कोरा कागद मागून घेतला आणि तब्येतीने संमतिपत्र लिहायला घेतले. लिहिताना आपलेच भाषण कानावर पडलेले त्यांना बरे वाटत होते, म्हणून ते चालूच राहिले. सही झाल्यावर बाईंनी आज्ञा टंकली. फाइल गेली. त्यांनी शिल्लक जागा पाहिली. सहाशे एमबी.

पुन्हा पाहिली. सहाशे एमबी.

"पुसलं ना?" दौलतरावांनी विचारले.

"पुसलं. यादीतही नाही. पण जागा काही सुटली नाही."

"मग हा कोण बोलतोय?"

दोघांनी कान दिला. पुसले गेलेले अध्यक्ष आता कार्यकारिणीचे आभार मानत होते.

"मी पुसल्यावर पण थांबत नाही की काय?" दौलतराव खरोखरच ओशाळले.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र वर्गात अवघड गणित सुटताना येई तो उजेड आला. "दोष तुमचा नाही, दौलतराव. या यंत्राची रीतच तशी आहे. कोणी ऐकतंय तोवर ते फाइल खरोखर टाकून देत नाही. नाव कापतं, पण जागा राखून ठेवतं."

"सभ्य आहे."

"अतिशय." बाईंनी पडद्यावरची भाषणाची खिडकी बंद केली. खोलीत एकदम शांतता पसरली, आणि शिल्लक जागेचा आकडा सहा जीबीच्या जवळ जाऊन बसला.

पुढचे काम चार आज्ञांचे होते. चार जीबीची फाइल केली. तिला इतर कोणी हात लावू नये अशी व्यवस्था केली. ती स्वॅपसाठी आखून दिली. आणि चालू केली. 'स्वॅप'पुढचे नऊ वर्षांचे शून्य गेले आणि तेथे चार आले. दौलतरावांनी तो आकडा नातवाचे गुण पाहावेत तसा पाहिला.

पुस्तिका सहाव्यांदा निघाली. दोनशेच्या पुढे हार्ड डिस्क कुरकुरू लागली. दोनशे सत्तर. दौलतरावांनी हात जोडले. पडदा निश्चल झाला. एक मिनिट गेले, दुसरेही गेले.

"उठवलं का तिला?"

"नाही. व्हरांड्यात पानं मांडतायत."

दोनशे एकाहत्तर. दोनशे बहात्तर. यंत्र कण्हत होते, पण चालत होते. चार वाजायला सहा मिनिटे असताना चारशे अठरावी नोंद, खजराण्याच्या एका दंतवैद्य मुलीची, पानावर बसली आणि फाइल तयार झाली.

चार वाजता नीरज आणि भूषण आले, तेव्हा बाई चहा पीत होत्या. भूषण पस्तिशीचा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. त्याने पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, मग मागे जाऊन यंत्राचा डबा न्याहाळला.

"दोन जीबीवर?" तो म्हणाला. "हे कसं काय केलं, बाई?"

"आम्ही जागा केली," दौलतरावांनी परस्पर उत्तर दिले.

"पुढच्या वर्षीचं काम..." नीरजने सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी पाचशे नोंदी आल्या तरी चालतील," बाई म्हणाल्या. "फॉर्म जानेवारीतच दे माझ्याकडे."

"हो, बाई," नीरज म्हणाला आणि नकळत सरळ उभा राहिला.

तो फाइल घेऊन छापखान्याकडे गेला. भूषण मात्र घुटमळत राहिला. दारापर्यंत जाऊन परत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, खरं सांगू का? आमच्या दुकानातली नवी मशीन नीरजभियाने फक्त बाहेरून पाहिली आहे. मोठं काम घेतलं की ती पण मधेच बसते. तुमचा तो उपाय जरा लिहून द्याल का?"

"लिहून देत नसते. तू लिहून घे," बाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे पेन सरकवले. "चार आज्ञा आहेत. पण आधी डिस्कवर जागा लागेल. आहे?"

"कुठली हो. मालकांच्या मुलीच्या लग्नाची पूर्ण व्हिडिओ पडली आहे त्यात. साडेसहा घंट्यांची. हात लावू देत नाहीत."

आनंदीबाईंनी दौलतरावांकडे पाहिले. दौलतरावांनी मोठ्या अधिकाराने मान डोलावली.

"मग पहिली पायरी लिही," बाई म्हणाल्या. "मालकांना समोर खुर्चीवर बसवायचं, आणि ती सुरुवातीपासून लावायची."